प्रभुभोजनाच्या रांगांचा तक्ता

"मॅडम, बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं?"

"बाप्तिस्मा कधी झालाय मुलाचा?"

"तो अजून नाही झाला. पण सर्टिफिकेट सोमवारपर्यंत पाहिजे. ॲडमिशनचं टेन्शन आहे."

शाळा सुरू होण्याच्या आधी असे दोन-तीन वडील तरी आमच्या वाशीच्या चर्च-ऑफिसात यायचेच. पलीकडच्या कॉन्व्हेंट शाळेत ख्रिस्ती मुलांना आधी घेतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं. मी त्यांना बसवून पाणी द्यायची आणि सांगायची की बाप्तिस्मा हा रेशनकार्डासारखा काढून मिळत नाही. एक गृहस्थ फळबाजारातले व्यापारी होते. त्यांनी जाताना टेबलाखाली हापूसची पेटी ठेवली. माझ्या लक्षात येईपर्यंत पाळकसाहेबांनी दोन आंबे कापले होते. बाकीची पेटी मी रिक्षात घालून परत केली आणि दोन आंब्यांबद्दल माफीची चिठ्ठी टाइप करून सोबत दिली. तिची कार्बन प्रत फाइलला लावली.

नव्वदीच्या दशकातली नऊ वर्षं मी हे काम केलं. आमच्याकडे 'मंडळी' म्हणजे माणसं, इमारत नव्हे. इमारत आम्हाला नव्हतीच. प्लॉटची फाइल फिरत होती आणि तोवर दर रविवारी सकाळी आठ वाजता एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना चालायची. नगर, जालना, सोलापूर भागांतून पोटासाठी आलेली शंभरेक कुटुंबं होती. ऑफिस म्हणजे एका सोसायटीतली तळमजल्यावरची खोली, मराठी टाइपरायटर, एक लोखंडी कपाट आणि कपाटात तीन रजिस्टरं: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. लोकांना वाटतं चर्चमध्ये पगारी माणूस एकच, पाळक. पण पाळकाने कुठे, किती वाजता, कोणासाठी प्रार्थना करायची हे कोणीतरी कागदावर मांडावं लागतं. आमच्याकडे ती मी होते.

याद्या करायची मला लहानपणापासून सवय. आमचे हे म्हणायचे, "तू स्वर्गात गेलीस की दारावरच्या पेत्राला बाजूला सारून रजिस्टर स्वतः हातात घेशील." मला तो टोमणा कधी वाटला नाही. लग्नाआधी वधूवरांची नावं तीन रविवार मंडळीत वाचायची आणि कोणाला हरकत आहे का विचारायचं, अशी आमची रीत आहे. एकदा तिसऱ्या रविवारी खुद्द मुलाची आईच उभी राहिली आणि म्हणाली, "मुलीला भाकरी थापता येत नाही." पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हा कायदेशीर अडथळा नाही." हॉलभर हसू पसरलं. मी मात्र तेही वहीत उतरवलं. हरकत आली, ऐकली, फेटाळली. नोंद ही नोंद असते.

त्या नोंदीच्या सवयीनेच पुढचं सगळं घडलं.

शमुवेल आढाव हा कळंबोलीच्या लोखंडबाजारातून माल नेणारा ट्रक-ड्रायव्हर. महिन्यातून एखाद्या रविवारी उपासनेला यायचा आणि मागे उभा राहायचा. वर्षभर खंगत जाऊन तो गेला. त्याच्या दफनाची सगळी धावपळ मी केली. पेटी, गाडी, दूरच्या दफनभूमीची परवानगी, खड्डा खणणाऱ्याला निरोप. दुसऱ्या दिवशी रजिस्टर भरायला घेतलं. त्यात एक रकाना होता, 'मृत्यूचे कारण'. माझ्या आधीचे कारकून तिथे सरळ 'आजार' किंवा 'वृद्धापकाळ' लिहायचे. मला ते ढिसाळ वाटायचं. डॉक्टरच्या दाखल्यावर जे होतं ते मी तसंच, सुवाच्य अक्षरात, उतरवलं. एड्स.

मग साक्षीदार म्हणून सहीला रजिस्टर साळवेसरांपुढे ठेवलं. साळवेसर आमच्या कमिटीचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय सरळ माणूस. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले, सही केली आणि गेले. घरी त्यांनी फक्त पत्नीला सांगितलं, तेही प्रार्थनेचा विषय म्हणून. आमच्याकडे बातमी जाते ती बहुधा प्रार्थनेचा विषय म्हणूनच.

शमुवेलची बायको कुसुम घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायची आणि वाशीच्या मार्केटात कांदे निवडायला जायची. नवरा गेल्यावर तिने एकही रविवार चुकवला नाही.

आता प्रभुभोजन म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरच्या वाचकाला पुढचं त्याशिवाय कळणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही भाकर आणि द्राक्षरस घेतो. येशूने पकडला जाण्याआधी शिष्यांबरोबर जेवण केलं, त्याची ती आठवण. दहा-बाराजणांचा एक गट पुढे येतो आणि गुडघे टेकतो. आमच्याकडे कठड्याच्या जागी शाळेची दोन पीटीची बाकं असत. पाळक प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात. मग प्याला. तो सर्वांना मिळून एकच. पाळक धरतात, आपण खालून दोन बोटांनी आधार देऊन ओठांशी आणायचा, एक घोट घ्यायचा, आमेन म्हणायचं. पाळक कड पांढऱ्या फडक्याने पुसतात आणि प्याला पुढच्याकडे जातो. शेवटी जे उरेल ते ओतून द्यायचं नाही. ते पाळकाने पिऊन संपवायचं.

पूर्वी प्रभुभोजनाच्या रविवारी लोक मागच्या बाकांवर बसायला धडपडत, कारण उपदेश लांबतो. शमुवेलच्या दफनानंतर दोन-तीन महिन्यांत उलटं झालं. पावणेआठलाच पुढची बाकं भरू लागली. जिना चढताना दम लागणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा पहिल्या रांगेत.

पाळकसाहेब खूश झाले. "सरोजबाई, लोकांना प्रभूची ओढ लागलीय बघा."

मी हो म्हटलं. ती ओढ कुसुमच्या आधी प्याल्यापर्यंत पोचण्याची होती. कुसुमच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना हात-हात जागा मोकळी राहायची. एका रविवारी कुसुम गटात पुढे आली आणि तिच्यानंतर टेकलेल्या दोन बायका भाकर घेऊन प्याला यायच्या आत उठल्या. पाळकसाहेबांची नजर अधू. त्यांना वाटलं, गट संपला.

हे निस्तरलं पाहिजे होतं. मी पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. पाच प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी पाचांचं उत्तर एकच दिलं: एका प्याल्यातून प्यायल्याने हा आजार होत नाही. मी ते टाइप केलं आणि कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवलं.

साळवेसर म्हणाले, "डॉक्टर बरोबरच सांगत असतील. पण लोकांच्या मनाचं काय? लहान-लहान ग्लास आणू या. ज्याचा त्याचा वेगळा. पुष्कळ मंडळ्यांत तशी रीत आहे."

ते खरंही होतं. पाळकसाहेबांनी बराच वेळ टेबलावरचा कपच इकडून तिकडे सरकवला. मग म्हणाले, "ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्याकडे असू दे. आपण कशासाठी आणणार ते आपल्याला माहीत आहे. साळवे, तुमच्या आजोबांची कपबशी चहाच्या दुकानात कुठे असायची?"

साळवेसरांनी चष्मा काढला.

"माझ्या आजोबांची बाहेर, ओट्याच्या कोनाड्यात पालथी असायची. स्वतः धुवायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, पुन्हा धुवून पालथी ठेवायची. मिशनच्या चर्चात पहिल्यांदा गेले तेव्हा साहेबाने स्वतःच्या ओठाचा प्याला त्यांच्या ओठाला लावला. आजोबा घरी येऊन रात्रभर बसून होते म्हणे. आणि आता आपण वेगळे ग्लास आणायचे?"

ठराव बारगळला. मी बैठकीचं इतिवृत्त लिहिलं, पाळकसाहेबांचं बोलणं शब्दशः घेतलं. लिहिताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात मी तक्ता केला.

माझं म्हणणं साधं होतं. पुढे बसायची झुंबड थांबवायला हवी, नाहीतर एक दिवस कोणीतरी कुसुमच्या तोंडावर बोलेल. तेव्हा प्रभुभोजनाला कोणी कोणत्या क्रमाने पुढे यायचं ते ठरवून टाकायचं. क्रम लावला बसच्या वेळेप्रमाणे. कळंबोलीची कुटुंबं जीपने साडेसातला पोचत, ती पहिल्या गटात. मग वाशीतली, मग नेरूळ, मग तुर्भे. घणसोलीची बस आठ-दहाला यायची, म्हणून घणसोली शेवटी. घणसोलीहून येणारं कुटुंब एकच होतं.

मी स्वतः ऑफिसचं काम असतं म्हणून पहिल्या गटात.

तक्ता बोर्डावर लागला आणि सगळं शांत झालं. बाकं पूर्वीसारखी मागून भरू लागली. कुसुमच्या बाकावर तुर्भ्याची एक आजी जाऊन बसली, बोलायलाही लागली. साळवेसर मला म्हणाले, "सरोजबाई, तक्ता सुरेख बसवलात. कोणाचं मन दुखलं नाही." मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? चार-पाच महिने मला तो माझ्या नऊ वर्षांतला सगळ्यात हुशारीचा कागद वाटत होता.

मग कुसुम यायची थांबली. म्हणजे इतर रविवारी यायची. फक्त पहिल्या रविवारी नाही. हजेरीवहीत माझ्या लक्षात आलं, दोन प्रभुभोजनं लागोपाठ कोरी. माझ्या भेटींच्या यादीत मी तिचं नाव घातलं आणि एका शनिवारी दुपारी घणसोलीला गेले.

गावठाणातली खोली, एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला नव्या बिल्डिंगची भिंत. मुलगी शाळेत गेली होती. कुसुम खूप वाळली होती. तिने मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्याशी बसली. चहाचं विचारलं नाही. मला ते लागलं आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

"प्रभुभोजनाला का येत नाहीस?" मी सरळ विचारलं.

"येऊ वाटतं वो बाई. पर म्या शेवटाला येते ना."

"मग?"

"माझ्यामागं उरल्यालं पाळकसाहेब पितात. फडक्यानं पुसत्यात आन् माझ्यादेखत पितात. म्हातारं मानूस. माझ्या बी रक्तात निघालंय आता. उद्या त्यांना काय झालं म्हंजे?"

मला एकदम सुटल्यासारखं झालं. एवढंच होय! याचं उत्तर माझ्या फाइलमध्ये तयार होतं. "अगं वेडे, प्याल्यातून होत नाही तो आजार. मी स्वतः डॉक्टरांना विचारून आलेय. टाइप केलेलं आहे माझ्याकडे. पाळकसाहेबांना काही होणार नाही. कोणालाच होणार नाही."

"कुनालाच न्हाई?"

"कोणालाच नाही."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. हिशेब जुळत नसला की आपण कागदाकडे बघतो तसं.

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो. केव्हाचंच."

"मग मला शेवटाला का घातलं?"

"ते बसच्या वेळेप्रमाणे आहे, कुसुम. घणसोलीची बस उशिरा..."

"बस आता सातला येती बाई. टाइम बदलून दोन महिनं झालं. म्या तर समद्यांच्या आधी येऊन हॉल झाडते."

झाडू शाळेचा शिपाई मारतो असं मी धरून चालले होते. माझ्या कोणत्याही यादीत ते नव्हतं.

मी उठले. काय बोलून उठले ते आठवत नाही. बहुतेक "येत जा" असं काहीतरी. परतीच्या बसमध्ये मी पिशवीतून वही काढली, सवयीने, आज काय-काय झालं ते लिहायला. भेट, घणसोली, कुसुम आढाव. पुढे पेन चालेना.

पुढच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तक्ता काढला.

"का हो? काढलात?" साळवेसरांनी लगेच हेरलं.

"जुना झाला. बसच्या वेळा बदलल्या."

"मग नवीन?"

"नवीन नाही. जो उठेल तो येईल."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी शाळेची घंटाच काढून टाकली होती.

कुसुम आली होती. तिसऱ्या बाकावर बसली होती. पाळकसाहेबांनी निमंत्रणाचे शब्द म्हटले आणि हॉल जागचा हलेना. तक्त्याने लोकांची उठायची सवयच मोडली होती. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेव्हा कुसुम उठली. कदाचित मी सांगितलं होतं म्हणून, 'कोणालाच होणार नाही' म्हणून. ती पुढे जाऊन पीटीच्या बाकाशी एकटी टेकली. दहाजणांच्या जागेत एकटी.

मी उठले. हे धैर्याने केलं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी उठले कारण मला ती रिकामी जागा बघवेना. मला रिकामा रकाना बघवत नाही, तसंच काहीसं. जाऊन तिच्या डाव्या हाताला टेकले. मागून पावलं वाजली, तुर्भ्याची आजी येऊन माझ्या पलीकडे बसली, मग आणखी कोणी.

भाकर झाली. प्याला कुसुमकडे आला. ती प्यायली, आमेन म्हणाली. पाळकसाहेबांनी कड पुसली. मग प्याला माझ्याकडे.

मला डॉक्टरीणबाईंची पाचही उत्तरं पाठ होती. पाळकसाहेबांच्या आजोबांची कपबशी मी माझ्या हाताने इतिवृत्तात लिहिली होती. आणि तरी माझ्या दोन बोटांनी प्याला थोडा फिरवला. फार नाही. बोटभर. ओठ लागले ते दुसऱ्या कडेला.

डोळे उघडले तेव्हा कुसुम बघत होती.

साळवेसर शेवटच्या गटात आले. तोवर कुसुमपासून निघालेला तोच प्याला हॉलभर फिरून आला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला त्या दिवशी कोणाला काही सांगायचा अधिकार नव्हता.

उपासनेनंतर प्याला धुवायचं काम माझं. शाळेच्या मागच्या नळावर मी तो घासत होते, गरजेपेक्षा जास्तच. कुसुम आली आणि फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.

"द्या, पुसते."

मी दिला. मान वर करायची हिंमत नव्हती. "कुसुम, मी मघाशी..."

"ऱ्हाऊ द्या बाई."

"नाही, मी मुद्दाम..."

"मुद्दाम कोन करतं?" ती प्याला पुसत राहिली. "आमचे हे आजारी व्हते तवा म्या त्यांचा गिलास येगळा ठिवला व्हता. फळीच्या कडंला. कुनी सांगितलं नव्हतं मला. दुसऱ्या गिलासात पानी दिऊन बी बगितलं, पर माझा हात त्योच गिलास उचलायचा. त्यांना कळलं व्हतं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. पानी पिऊन परत त्याच जागंवर ठिवायचे. मला उठाया लागू नये म्हनून." तिने प्याला उजेडात धरून बघितला. "त्यांना म्या नंतर सांगनार व्हते. ऱ्हायलं."

नळ चालूच होता. मी तो बंद केला.

"तुमी आज बसला तर खरं," ती म्हणाली. "म्होरल्या महिन्याला बी बसा."

मधल्या चार आठवड्यांत मी ऑफिसात काय कामं केली ते मला सांगता येणार नाही. टाइप केलेली पत्रं दोनदा टाइप केली. दोन घरच्या प्रार्थनासभा एकाच संध्याकाळी लावल्या आणि पाळकसाहेबांना रिक्षाने पळावं लागलं. एके दिवशी घरी मी आमच्या ह्यांच्या उष्ट्या कपातून चहा प्यायले, सराव म्हणून. ह्यांनी बघितलं आणि "बरं वाटत नाही का?" असं विचारलं.

पहिला रविवार आला. मी कुसुमच्या डावीकडे टेकले. प्याला तिच्याकडून माझ्याकडे आला. फिरवायचा नाही, फिरवायचा नाही, एवढंच मी मनात घोकत होते. फिरवला नाही. तिच्या ओठांच्या जागी माझे ओठ लागले. पण त्या घोकण्यात पाळकसाहेब प्याला देताना कोणते शब्द बोलले, ते मी ऐकलेच नाहीत. दर महिन्याला ऐकलेले ते शब्द, आणि त्या दिवशी एकही कानात शिरला नाही. म्हणायचं ते आमेनही तोंडातून निघालं नाही.

पाळकसाहेब प्याला धरून थांबले होते.

शेजारून कुसुमने हळूच माझ्या वाटचं आमेन म्हटलं, आणि प्याला पुढे गेला.